गोव्यात नवीन आहात आणि घरात लहान मूल आहे? पाळणाघर असं शोधा

गोव्यात पाळणाघर शोधायला निघालं की पहिला आठवडा हमखास फसवा जातो. फोनच्या नकाशावर 'प्ले स्कूल' टाकलं की पणजी, पर्वरी, फोंडा, मडगाव सगळीकडे ठिपकेच ठिपके दिसतात आणि आपण निर्धास्त होतो. एकेका ठिकाणी फोन लावला की कळतं, यातली बरीचशी दुपारी बारा-साडेबारालाच सुटतात. तिथून मुलाला आणायचं कोणी, भरवायचं कोणी, झोपवायचं कोणी, हे सगळं तसंच राहतं. इथल्या बहुतेक शाळाही सकाळच्याच, दीडच्या सुमारास सुटणाऱ्या. इथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या घरांत त्यानंतर आजी असते, काकी असते, नाहीतर शेजारची आंटी असते. पुण्या-कोल्हापुराहून, बेळगावहून नोकरीसाठी आलेल्या जोडप्याकडे यातलं कोणीच नसतं.

म्हणून सुरुवात दुपारपासून करा. दुपारी एक ते संध्याकाळी सहा या वेळात आपलं मूल नेमकं कोणाच्या हातात असेल, हे ठरलं की बाकीचं त्याभोवती जुळवता येतं. सकाळ कशीही निभावते.

आधी घड्याळ, मग नकाशा

दोघांच्या कामाच्या खऱ्या वेळा कागदावर लिहा. नेमणूकपत्रावरच्या नकोत, प्रत्यक्षातल्या लिहा. हॉटेल व्यवसायात असाल तर ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम आणि एरवीचे शनिवार-रविवार हमखास कामाचे. पाळणाघरं मात्र रविवारी बंद आणि शनिवारी अनेकदा अर्धा दिवस. मोपा विमानतळावर किंवा कारखान्यात पाळ्या असतील तर आठवड्यागणिक वेळ बदलणार. अशा घरांना नुसतं पाळणाघर पुरत नाही. पाळणाघर आणि संध्याकाळपुरती घरी येणारी मावशी, अशी जोडी लावावी लागते. हे आधीच मान्य केलंत तर नंतरची धावपळ वाचेल.

आता नकाशा. गोवा लहान आहे, सगळं अर्ध्या तासावर आहे, असं इथे आल्या आल्या वाटतं. पण घर पर्वरीला आणि नोकरी वेर्णा औद्योगिक वसाहतीत असेल तर मध्ये मांडवी आणि झुआरी अशा दोन नद्या येतात. पूल आता मोठे झालेत, तरी पर्वरीत उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून तिथल्या कोंडीचा भरवसा राहिलेला नाही. दुपारी तीनला पाळणाघरातून 'बाळाला ताप आलाय' असा फोन आला तर वीस-पंचवीस मिनिटांत कोण पोचू शकेल, ते पाहा. तो माणूस नदीच्या ज्या काठावर असेल, पाळणाघर त्याच काठावर हवं.

मूल अंगावर पीत असेल तर आईच्या कामाच्या जागेजवळचं पाळणाघर बरं पडतं. दीड-दोन वर्षांनंतर घराजवळचं सोयीचं, कारण तिथले सवंगडी संध्याकाळीही भेटतात आणि तुम्ही रजेवर असतानाही मुलाला दोन तास तिथे सोडता येतं.

कोणकोणत्या सोयी आहेत

कंपनीतच चौकशी करा. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं, ही तरतूद २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती करून आली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. सोय कंपनीच्या आवारातच हवी असं नाही, जवळपास सामायिकही असू शकते. मनुष्यबळ विभागाला तोंडी विचारलंत तर 'बघू' म्हणतात, तेव्हा ईमेल करा. स्त्रिया बहुतेकदा रुजू होताना हा विषय काढायला संकोचतात, आणि वडिलांनी तो काढायचा असतो हे फारसं कोणाच्या डोक्यात येत नाही.

अंगणवाडी. गोव्यात महिला आणि बालविकास संचालनालयाच्या अखत्यारीत गावोगावी अंगणवाड्या आहेत. ही योजना देशात २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, ती सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे खेळत शिकवतात, सहा महिन्यांपुढच्या बाळांना पूरक आहार मिळतो. बाहेरून आलेल्यांनाही तिथे मूल घालता येतं. शहरातली नोकरदार मंडळी अंगणवाडी आपल्यासाठी नाही असं धरून चालतात. माझ्या मते एकदा जाऊन बघायला हवं. सेविका चांगली असेल तर तीन वर्षांच्या मुलाला तिथे गाणी, गोष्टी आणि गावातले सवंगडी मिळतात, आणि इंग्रजी अक्षरं गिरवण्याचा ताण नसतो. अडचण वेळेची, कारण अंगणवाडी सकाळची. काही राज्यांप्रमाणे इथेही 'पाळणा' योजनेखालची अंगणवाडी-सह-पाळणाघर सोय तुमच्या भागात मिळते का, हे तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा.

बालवाडी, शिशुवाटिका, प्ले स्कूल यांबद्दल थोडक्यात एवढंच की ती शाळेची पूर्वतयारी आहे, सांभाळण्याची सोय नव्हे. आणि तयारीची घाई नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पहिलीला मूल सहा वर्षांचं व्हायला हवं. दोन वर्षांच्या मुलाला लेखणी धरायला लावणारी जागा, कितीही चकचकीत असो, मी टाळेन.

उरतात तीन: डे-केअर म्हणजे व्यावसायिक पाळणाघर, एखाद्या बाईनं स्वतःच्या घरात चालवलेलं पाळणाघर, आणि तुमच्या घरी येणारी मावशी. दुपारचा प्रश्न सुटतो तो यांच्यातूनच.

शोधायचं कुठे

गोव्यात चांगली घरगुती पाळणाघरं नेटवर जवळजवळ नसतात. पाच-सहा मुलं सांभाळणाऱ्या काकींना जाहिरातीची गरजच पडत नाही. त्यांच्याकडची जागा एकीचं मूल शाळेत गेलं की दुसरीला मिळते, तीही ओळखीनं. तेव्हा माणसं गाठा. लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्रात रांगेत बसलेल्या आया, तिथली परिचारिका, अंगणवाडी सेविका, बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातली स्वागतिका, कोपऱ्यावरचा दुकानदार. शाळेच्या फाटकाशी दीड वाजता जाऊन उभे राहिलात तर कोणती मुलं आईबापाऐवजी दुसऱ्याच कोणाबरोबर जातात, तेही दिसेल. त्या 'दुसऱ्या कोणा'शी बोला.

विचारताना 'चांगलं पाळणाघर माहीत आहे का' असं विचारू नका, लोक ऐकीव नावं सांगतात. 'तुमचं मूल कुठे होतं, किती दिवस, आणि का काढलं' असं विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लक्ष देऊन ऐका.

बघायला जा, दुपारी दोननंतर

सकाळी अकराला प्रत्येक पाळणाघर छान दिसतं. मुलं ताजी, ताई ताज्या, खेळणी मांडलेली. गोव्यात दीड-दोनला बाजारपेठा मिटतात, गल्ल्या शांत होतात, आणि पाळणाघरातही त्याच वेळी माणसं सर्वांत कमी असतात. एखादी ताई जेवायला गेलेली, दुसरी आडवी झालेली. म्हणून पहिली भेट सांगून घ्या, दुसरी न सांगता, दोन ते चारच्या दरम्यान. 'झोपेची वेळ आहे, मुलं उठतील' म्हणून दारातूनच परत पाठवलं तर एकदा समजून घ्या. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर ती जागा सोडून द्या. पालकाला चप्पल काढून हळूच आत येऊ देण्यानं कोणाची झोप मोडत नाही.

आत गेल्यावर मुलं मोजा, जागे असलेले मोठे मोजा. केंद्र सरकारच्या पाळणाघरांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे निदान एक प्रशिक्षित सेविका आणि सोबत मदतनीस धरली आहे. तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी हे प्रमाण विसाला एक. हे किमान आहे. रांगती मुलं असतील तर दहांना एक ही फार मोठी ओढाताण होते, एका बाईनं चार-पाच बाळांवर जाऊ नये असं माझं मत.

मग गाद्यांकडे बघा. प्रत्येकाची चादर वेगळी आहे का? लहान बाळ पाठीवर, उशीशिवाय, सपाट जागी झोपवलंय का, की मोठ्या मुलांच्या मध्येच दाबून? पंख्याखाली ओल्या दुपट्यांची दोरी असेल तर पावसाळ्यात इथे काय होतं त्याचा अंदाज येईल. जून ते सप्टेंबर गोव्यात काहीच वाळत नाही, भिंतींना बुरशी धरते, आणि दम्याच्या मुलांना ती सोसत नाही. खिडक्यांना डासांची जाळी हवीच, डेंग्यू इथे दरवर्षी असतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, जुने टायर, उघडी पिंपं आवारात दिसली तर मालकांना तिथल्या तिथे सांगा. त्यांनी ते कसं घेतलं, यावरून पुढच्या तक्रारींचं काय होईल तेही कळतं. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, हेही विचारा.

घरगुती पाळणाघर जुन्या गोवेकर घरात असेल तर एक गोष्ट सगळ्यांच्या आधी बघा: विहीर. अशा घरांच्या परसात विहीर असतेच, आणि कठडा कित्येकदा मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढाच. त्यावर कुलूप लागणारी लोखंडी जाळी नसेल तर काकी कितीही प्रेमळ असोत, तिथे मूल ठेवू नका, किंवा आधी जाळी बसवून घ्या, खर्च दोघांत वाटून घेता येतो. बंगल्यांच्या संकुलात पोहण्याचा तलाव असेल तर त्याला कुंपण आणि मुलाच्या हाताला न लागणारी कडी हवी. चिऱ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ चढतं, लाल कोब्याच्या जमिनीवर पाणी सांडलं की घसरायला होतं, दाराशी भटकी कुत्री बसलेली असतात. शहरातल्या फ्लॅटमधून आलेल्यांच्या नजरेला या गोष्टी चटकन दिसत नाहीत.

सीसीटीव्हीबद्दल दोन शब्द. कॅमेरा असलेला चांगलाच, पण तो दिवाणखान्यात असतो आणि शी-शू, कपडे बदलणं, रागावणं आतल्या खोलीत होतं. कॅमेरा आहे म्हणून भेटी कमी करू नका. मुलांचे फोटो पाळणाघराच्या व्हॉट्सॲप गटावर आणि जाहिरातीत टाकतात का, हेही विचारून घ्या, नको असेल तर लेखी कळवा.

बसून बोलायच्या गोष्टी

त्या घरात आणखी कोण राहतं, दुपारी कोण येतं-जातं, हे घरगुती पाळणाघरात स्पष्ट विचारा. संकोच वाटतो, पण काकींचा मोठा मुलगा, भाडेकरू, दुरुस्तीला येणारा माणूस, कोणीही मुलाबरोबर एकटा राहणार नाही एवढं त्यांच्या तोंडून ऐकायचं असतं. अनेक वर्षं हे काम करणाऱ्या बायांना या प्रश्नाचा राग येत नाही.

त्या आजारी पडल्या तर बदली कोण? आणि चवथीला? गोव्यात गणेश चतुर्थीला सगळं बंद होतं. शाळांना सुट्टी, ताई गावाला, मदतनीस बांद्याला किंवा कारवारला. तुमची कंपनी मात्र एक-दोन दिवसच देते. नाताळ, शिमगा, गावची जत्रा, चर्चचं फेस्त, मे महिन्याची सुट्टी या सगळ्यांचं वेळापत्रक आणि बंद दिवसांची फी पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. फी बोलताना नोंदणी शुल्क, अनामत, जेवण, उशिरा नेण्याचा दंड, अर्ध्या दिवसाचा दर हे वेगवेगळं विचारा. नुसता महिन्याचा आकडा ऐकून तुलना केली तर स्वस्त वाटलेलं महाग पडतं. व्यावसायिक डे-केअरला पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना आहे का, तेही बघा.

जेवण. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात आणि हुमण म्हणजे माशांची आमटी, हे इथल्या घरात रोजचं असतं. मासे चालत असतील तर मुलाची मजा आहे, काटे कोण काढतं एवढं बघा. चालत नसतील तर पहिल्या दिवशी सरळ सांगा आणि डबा द्या, आडून आडून सुचवत बसू नका. एक वर्षाखाली मध नको. अख्खे काजू आणि शेंगदाणे चार वर्षांपर्यंत नकोत, घशात अडकतात. गोव्यात काजू हातावर ठेवणं ही आपुलकी असल्यामुळे हे आवर्जून सांगावं लागतं.

काढून ठेवलेलं आईचं दूध देत असाल तर तारीख-वेळ लिहून द्या. साधारण २५ अंश तापमानात ते चार तास टिकतं, आणि एप्रिल-मेच्या गोव्यात खोलीचं तापमान त्याहून कितीतरी वर असतं. म्हणजे बर्फाच्या पिशवीतून नेऊन थेट फ्रिजमध्ये. फ्रिजच्या दारात नको, आत मागच्या बाजूला. बाळानं अर्धवट पिऊन ठेवलेलं उरलं तर जास्तीत जास्त दोन तासांत संपवायचं, नाहीतर टाकून द्यायचं. एका संध्याकाळी काकींसमोर बसून हे सगळं करून दाखवलंत तर दहा सूचना लिहून देण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

भाषेची चिंता करू नका. ताई कोकणीत बोलतील, मूल महिन्याभरात दोन्हीत बोलायला लागेल.

मावशी घरी येणार असतील तर

बाळ सहा-आठ महिन्यांचं असेल आणि पैसे परवडत असतील तर घरी येणारी अनुभवी बाई सोयीची. पण तिच्यावर दुपारभर दुसऱ्या कोणाची नजर नसते. आधीच्या दोन घरांत स्वतः फोन करून बोला. ओळखपत्राची प्रत घ्या, जवळच्या पोलीस ठाण्यात पडताळणीसाठी माहिती द्या. पहिले पंधरा दिवस तुमच्यापैकी कोणीतरी घरात असा. कॅमेरा लावला असेल तर तिला सांगा, लपवून लावलेला कॅमेरा सापडला की चांगली बाई निघून जाते.

मूल सांभाळायला ठेवलेल्या बाईवर भांडी, फरशी, स्वयंपाक लादू नका. ती फोडणी घालत असेल तेव्हा बाळ जमिनीवर एकटं असतं. पगार, साप्ताहिक सुट्टी, चवथीची भरपगारी रजा पहिल्याच दिवशी ठरवा. आणि गावाकडची बारा-तेरा वर्षांची मुलगी 'बाळाशी खेळायला' आणण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे, आणि त्या मुलीचंही स्वतःचं बालपण आहे.

कागद, आणि पहिले पंधरा दिवस

माता-बाल संरक्षण कार्डाची प्रत पाळणाघरात द्या. मागच्या गावी राहिलेल्या लसी इथल्या आरोग्य केंद्रात मोफत पूर्ण होतात, कार्ड दुसऱ्या राज्यातलं असलं तरी. एका कागदावर लिहा: मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकतं, त्यांचे फोन, कशाची ॲलर्जी, तापाला कोणतं औषध किती, तुमचे डॉक्टर, आणि आणीबाणीत कोणतं रुग्णालय. पणजीच्या आसपास बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), दक्षिणेत मडगावचं जिल्हा रुग्णालय. रुग्णवाहिकेचा नंबर १०८. तुमच्याखेरीज कोणी 'मी काका आहे' म्हणून आला तर मूल द्यायचं नाही, फोन करायचा, हे त्यात शेवटी ठळक लिहा.

रुळवायला घाई नको. पहिले दोन दिवस तुम्ही सोबत बसा, मग अर्धा तास, मग जेवणापर्यंत, शेवटी झोपेपर्यंत. दुपारची झोप तिथे लागली की मूल रुळलं. नजर चुकवून पळ काढू नका. रडेल, पण 'येते हं, दूध प्यायच्या वेळेला येते' असं सांगून जा आणि खरंच त्या वेळेला या. कामावर रुजू होण्याच्या आदल्या दिवशी प्रवेश घेतलात तर हे जमणार नाही, निदान दोन आठवडे हातात ठेवा. जून टाळता आला तर टाळा: नवी जागा, पाऊस आणि सर्दी-ताप सगळं एकदम येतं. पहिले काही महिने मूल वारंवार आजारी पडणारच, त्याचा दोष पाळणाघराला देऊ नका. मात्र तापातली मुलं ते घरी पाठवतात का, ते बघा. ताप उतरून चोवीस तास झाल्याशिवाय परत घेऊ नये.

केव्हा काढायचं

सकाळी सोडताना रडणं वाईट लक्षण नाही. नेण्याच्या वेळेला तुमच्याकडे न येणं, रुळलेल्या मुलानं महिन्या-दोन महिन्यांनी अचानक त्या रस्त्यालाच बिचकणं, ठरावीक माणसाचं नाव काढलं की गप्प होणं, न समजणारे वळ, सलग काही दिवस सकाळचाच डायपर संध्याकाळी भरलेला मिळणं, ही लक्षणं गंभीर धरा. आधी ताईंशी बोला, उत्तर पटलं नाही तर महिन्याची सूचना पूर्ण होण्याची वाट बघू नका, अनामत बुडाली तर बुडू द्या. मारहाण किंवा लैंगिक त्रासाचा संशय आला तर मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर किंवा ११२ वर फोन करा. देशभराचा २०१२ चा पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा आहेच, शिवाय गोव्याचा स्वतःचा २००३ चा बाल कायदा आहे आणि मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी पणजीत बाल न्यायालयही आहे. तक्रार घ्यायला टाळाटाळ होऊ लागली तर या कायद्यांचं नाव घ्या.

साध्या कारणांनी बदलायचं असेल, वेळ जुळत नाही, घर बदललं, तर रीतसर महिनाभर आधी कळवा आणि काकींशी संबंध तोडू नका. पुढच्या चवथीत नव्या पाळणाघराला कुलूप असेल, तेव्हा दोन दिवस मूल कुठे ठेवायचं हे त्यांनाच विचारायला जावं लागेल.